हँडलर लिहिण्याआधी काय ठरवायचं? रिअल-टाइम भाषांमधल्या असिंक्रोनस इव्हेंटची पहिली ओळख

वेब किंवा मोबाइलचं काम केलेल्या माणसाला इव्हेंट हँडलर नवा नसतो. बटण दाबलं, फंक्शन चाललं, विषय संपला. रिअल-टाइमकडे, म्हणजे ठरल्या वेळेत उत्तर द्यावंच लागणाऱ्या यंत्रांच्या प्रोग्रामिंगकडे, वळल्यावर तो तशाच सवयीने हँडलर लिहितो. टेबलावर सगळं नीट चालतं, आणि मशिनवर चढवल्यावर आठवड्यातून एखाद्या वेळी काहीतरी उशिरा घडतं. कोड पुन्हा पुन्हा वाचला तरी चूक सापडत नाही. हा हँडलर कोणत्या थ्रेडवर चालणार, कोणाला बाजूला सारणार, किती वेळा येऊ शकतो आणि त्याहून जास्त वेळा आला तर काय करायचं, हे कोणी ठरवलेलंच नसतं. ते ठरवायची सोय भाषेत असते, पण नवख्याला ती कोणी दाखवत नाही. हा लेख त्यासाठीच.

उदाहरणं मुख्यतः रिअल-टाइम स्पेसिफिकेशन फॉर जावा, म्हणजे आरटीएसजे, यातली आहेत. जावामध्ये काय भर घालायची ते ठरवणाऱ्या जावा कम्युनिटी प्रोसेसमधला हा जेएसआर (म्हणजे प्रस्ताव) क्रमांक १, आणि त्याची पहिली अंतिम आवृत्ती २००२ ची. जोडीला एडा ही प्रोग्रामिंग भाषा घेतली आहे, कारण त्याच प्रश्नांची एडाने काढलेली उत्तरं वेगळी आहेत आणि दोन्ही शेजारी ठेवली की मुद्दा लवकर डोक्यात बसतो.

पायरी १ : आधी कागद घ्या

एडिटर उघडू नका. आपल्या यंत्रात बाहेरून काय काय येऊन आदळणार आहे, त्याची यादी करा. मी बाटल्या भरणारी एक लहानशी लाइन धरतो. चार गोष्टी घडतात.

आणीबाणीचं बटण दाबलं जातं. काम १ मिलिसेकंदाचं, आणि दाबल्यापासून १० मिलिसेकंदांत झालंच पाहिजे. दोन दाबण्यांत किमान १००० मिलिसेकंद धरू.

बाटली सेन्सरसमोर येते. काम ८ मिलिसेकंद, डेडलाइन २०, दोन बाटल्यांत किमान ५० मिलिसेकंद.

टाकीची पातळी दर १०० मिलिसेकंदांनी तपासायची. काम २०, डेडलाइन १००.

नोंद लिहायची, म्हणजे लॉग. काम ४०, डेडलाइन ५००, आणि अंतरही किमान ५००.

कामाचा वेळ लिहिताना सरासरी लिहू नका, सर्वांत वाईट वेळ लिहा. ‘बहुतेक वेळा ३ मिलिसेकंद लागतात’ या वाक्याला इथे काही किंमत नाही. आणि एक गोष्ट आताच सांगून ठेवतो: खऱ्या लाइनवर आणीबाणीचा थांबा वायरिंगनेच मोटरचा पुरवठा तोडतो, सॉफ्टवेअरला फक्त खबर जाते. माणसाचा हात वाचवायची जबाबदारी एकट्या हँडलरवर कधीच टाकू नका.

पायरी २ : घटना, इव्हेंट आणि हँडलर वेगळे ओळखा

या तीन शब्दांची गल्लत सर्रास होते. घटना बाहेरच्या जगात, प्रोग्रामला न विचारता कधीही (म्हणजे असिंक्रोनस) घडते: सेन्सरची तार वर गेली, सिग्नल आला. इव्हेंट म्हणजे प्रोग्रामच्या आतलं तिचं रूप. आरटीएसजेमध्ये हा एसिंकइव्हेंट नावाच्या क्लासचा ऑब्जेक्ट असतो. बाहेरची घटना त्याला बांधता येते, किंवा आपल्याच कोडमधून फायर ही मेथड बोलावून तो उडवता येतो. हँडलर म्हणजे त्यावर करायचं काम, आणि ते एसिंकइव्हेंटहँडलरमध्ये लिहायचं.

एका इव्हेंटला अनेक हँडलर जोडता येतात आणि एकच हँडलर अनेक इव्हेंटना लावता येतो. बटण दाबल्यावर व्हॉल्व्ह बंद करणं एका हँडलरमध्ये आणि नोंद करणं दुसऱ्यात, असं तोडून ठेवा. दोघांची निकड सारखी नाही.

हँडलरला इव्हेंटची मोजदाद मिळते, पण पहिल्या आवृत्तीतल्या साध्या इव्हेंटसोबत माहिती येत नाही. हँडलर कामात असताना इव्हेंट तीनदा उडाला, तर त्याच्या नावावर तीन फेऱ्या जमा होतात आणि काम तीनदा चालतं. तीनदा चालवायची गरज नसेल, तर जमा आकडा एकदम शून्य करून घ्यायची मेथड आहे. पातळीसारख्या कामात ती वापरा, कारण तिथे ताजी पातळी एकदा वाचली की पुरते. बाटल्या मोजताना मात्र हात लावू नका, नाहीतर तीन बाटल्यांची एक होईल.

एडामध्ये हाच प्रवास असा होतो. इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेली हाक) आला की प्रोटेक्टेड ऑब्जेक्टमधली (टास्कांमध्ये सुरक्षितपणे वाटून घेतलेल्या डेटाच्या पेटीतली) बिनपॅरामीटरची प्रोसीजर चालते. ती चटकन खूण करून निघून जाते. त्या खुणेमुळे एका एंट्रीचं दार उघडतं, आणि दाराशी थांबलेला टास्क (एडातला थ्रेड) आत येऊन खरं काम करतो. इंटरप्टमध्ये फक्त खूण, काम टास्कमध्ये. भाषा कोणतीही असो, ही विभागणी पाळा.

पायरी ३ : हँडलर कोणाच्या खांद्यावर?

हँडलर स्वतः थ्रेड नाही, त्याला चालवायला थ्रेड लागतो. आरटीएसजेमध्ये साधा हँडलर कोणत्या थ्रेडवर चालेल हे व्हर्च्युअल मशीन ठरवतं: मागे काही सर्व्हर थ्रेड असतात, त्यांतला एखादा हे काम उचलतो. दुसरा प्रकार बाउंडएसिंकइव्हेंटहँडलर. त्याला स्वतःचा कायमचा थ्रेड मिळतो.

फरक किती पडतो ते आपल्या लाइनवर बघू. समजा चारही हँडलर साधे आहेत आणि मागे सर्व्हर थ्रेड एकच आहे. शून्याव्या मिलिसेकंदाला लॉग सुरू झाला. पहिल्या मिलिसेकंदाला कोणीतरी आणीबाणीचं बटण दाबलं. बटणाच्या हँडलरची प्रायॉरिटी सर्वांत वरची, पण चालवणारा थ्रेड लॉगमध्ये अडकलेला. एकच तिकीट खिडकी असेल आणि आतल्या माणसाने एक लांबलचक फॉर्म हातात घेतला असेल, तर रांगेत मागे कितीही घाईचा माणूस असला तरी उपयोग नाही. थ्रेडची प्रायॉरिटी वाढवली तरी हातातला लॉग आधी संपवावाच लागेल. तो संपतो ४० व्या मिलिसेकंदाला, बटणाचं काम होतं ४१ व्याला. म्हणजे दाबल्यापासून ४० मिलिसेकंद, आणि आपण मुभा दिली होती १० ची. कोडची एकही ओळ चुकलेली नाही आणि यंत्र मात्र चुकलं.

मग किती थ्रेड पुरतात? एकाच प्रोसेसरवर, हँडलर मधेच कुठे थांबून राहत नसतील, तर प्रत्येक प्रायॉरिटीला एक थ्रेड पुरतो. सारख्या प्रायॉरिटीचे हँडलर तसेही एकामागून एकच चालणार असतात, त्यामुळे एका थ्रेडवर ठेवल्याने त्यांचं नुकसान होत नाही. पण ‘थांबून राहत नसतील’ ही अट मोठी आहे.

माझा एक अनुभव सांगतो. एका यंत्रावर लॉग आणि स्क्रीन ताजी करणं ही दोन्ही कामं सर्वांत खालच्या प्रायॉरिटीला एकत्र ठेवली होती. मेमरी कार्डावर लिहायला सहसा दोन-तीन मिलिसेकंद लागायचे. अधूनमधून कार्ड आतल्या आत जुने ब्लॉक पुसायला घ्यायचं आणि एकच लिखाण दोनशे मिलिसेकंदांवर जायचं. त्या वेळात प्रोसेसर मोकळा, स्क्रीनचं काम तयार, आणि तरीही स्क्रीन गोठलेली, कारण दोघांचा मिळून थ्रेड एकच आणि तो कार्डाची वाट बघत बसलेला. आम्ही दोन दिवस स्क्रीनच्या ड्रायव्हरमध्ये दोष शोधत होतो. लॉगला स्वतःचा थ्रेड दिला आणि प्रश्न सुटला.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. दहाच्या आत हँडलर असतील तर सगळे बाउंड ठेवा. प्रत्येक थ्रेडला स्टॅकची मेमरी लागते, पण दहा थ्रेडांचा खर्च सहसा झेपतो आणि कोण कुठे चालतंय याबद्दल शंका उरत नाही. शेकडो हँडलर असतील तेव्हाच साध्या प्रकाराकडे वळा, आणि तेव्हाही जो हँडलर फाइल, नेटवर्क किंवा लॉकसाठी थांबू शकतो त्याला बाउंडच करा. साध्या हँडलरांची थ्रेडशी जुळणी प्रोग्रामरला ठरवता येत नाही, हे आरटीएसजेचं जुनं दुखणं. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठात नेमक्या याच जागेवर बरंच संशोधन झालं आहे.

एडाचा रेव्हनस्कार प्रोफाइल, म्हणजे टास्क वापरण्यावर मुद्दाम घातलेल्या बंधनांचा संच, हा प्रश्न मुळातच येऊ देत नाही. १९९७ साली यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या रेव्हनस्कार या गावात एडाच्या रिअल-टाइम मंडळींची कार्यशाळा झाली, तिथून हे नाव आलं. त्यात टास्क सुरुवातीलाच ठरलेले असतात, चालू असताना नवा टास्क तयार होत नाही, आणि एका एंट्रीवर एका वेळी एकच टास्क थांबू शकतो. लवचिकता कमी होते, पण हिशोब पक्का होतो. शिकणाऱ्याने एकदा तरी या शिस्तीत काम करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

पायरी ४ : प्रायॉरिटी द्या आणि हिशोब मांडा

प्रायॉरिटी महत्त्वावरून देऊ नका. ‘लॉग महत्त्वाचा आहे, कायद्याने लागतो’ हे खरं असेल, पण त्याला ५०० मिलिसेकंदांची मुभा आहे. ज्याची डेडलाइन सर्वांत लहान त्याची प्रायॉरिटी सर्वांत वर, हा नियम धरा. आपल्याकडे क्रम लागतो बटण, बाटली, पातळी, लॉग. आरटीएसजे किमान २८ वेगवेगळ्या रिअल-टाइम प्रायॉरिटी मागतं, त्यामुळे जागेची अडचण नाही.

आता एका प्रोसेसरवर प्रत्येकाला सर्वांत वाईट परिस्थितीत किती वेळ लागेल ते काढू. रीत अशी: स्वतःचं काम घ्या, त्या वेळात वरचे हँडलर जास्तीत जास्त किती वेळा मधे घुसतील ते मोजून त्यांचं काम मिळवा. बेरीज वाढली तर वाढलेल्या वेळात आणखी कोणी घुसतो का ते पुन्हा मोजा. आकडा बदलायचा थांबला की तेच उत्तर.

बटण: १. वर कोणी नाही.

बाटली: ८ आणि बटणाचा १, एकूण ९. मुभा २० ची, चाललं.

पातळी: २० स्वतःचे, बटणाचा १, बाटलीचे ८, एकूण २९. या २९ मिलिसेकंदांत दुसरी बाटली येत नाही, म्हणून इथेच थांबलो.

लॉग: ४० अधिक १ अधिक ८ अधिक २०, एकूण ६९. पण ६९ मिलिसेकंदांत बाटल्या दोन येऊ शकतात, कारण अंतर ५० चं. म्हणून आणखी ८, एकूण ७७. आता ७७ मध्ये तिसरी बाटली नाही, पातळीची दुसरी फेरीही नाही. उत्तर ७७, मुभा ५०० ची.

एवढं गणित वहीच्या एका पानावर मावतं. ते केल्याशिवाय मी कोणालाही पुढची पायरी करू देत नाही.

त्यात एक भर टाकायची राहिली आहे. बाटलीचा आणि लॉगचा हँडलर एकच काउंटर वापरत असतील आणि लॉगने ३ मिलिसेकंद लॉक धरून ठेवलं, तर बाटलीला तेवढं थांबावं लागेल: ९ चे १२. ते चालेल. पण लॉक धरून बसलेल्या लॉगलाच मधल्या पातळीने बाजूला सारलं, तर बाटली पातळीच्याही मागे जाते. याला प्रायॉरिटी उलटणं म्हणतात. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक यामुळेच वारंवार रीसेट होत होता. तिथे ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रायॉरिटी इनहेरिटन्सची (लॉक धरणाऱ्याला वाट बघणाऱ्याची वरची प्रायॉरिटी तात्पुरती देण्याची) सोय होती, त्या लॉकसाठी ती बंद ठेवलेली होती, आणि पृथ्वीवरून सेटिंग बदलून ती चालू केल्यावर रीसेट थांबले. आरटीएसजेमध्ये लॉकला इनहेरिटन्स आपोआप मिळतो. एडामध्ये प्रोटेक्टेड ऑब्जेक्टला सीलिंग प्रायॉरिटी, म्हणजे तो वापरत असताना टास्क जिच्यावर चालतो ती प्रायॉरिटी, द्यायची असते. ती त्याला वापरणाऱ्या टास्कपैकी सर्वांत वरच्याएवढी तरी ठेवा, कमी पडली तर प्रोग्राम चालू असताना एरर येतो.

पायरी ५ : ठरल्यापेक्षा जास्त आले तर?

वरचं सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे: दोन बाटल्यांत ५० मिलिसेकंद असतातच. पण हा शब्द सेन्सरने आपल्याला दिलेला नाही. स्विचचे धातूचे संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका दाबण्याचे पाच-सहा सिग्नल येतात. आरटीएसजेमध्ये हँडलरला स्पोरॅडिकपॅरामीटर्स देऊन किमान अंतर लिहिता येतं, आणि ते मोडलं तर काय करायचं हेही सांगता येतं. पर्याय चार.

इग्नोर: लवकर आलेल्याकडे दुर्लक्ष. बाटली सेन्सरला हेच. ५० मिलिसेकंदांच्या आत दुसरी बाटली येणं शक्यच नसेल, तर तो सिग्नल म्हणजे थरथर.

सेव्ह: हरवू नका, पण किमान अंतर पूर्ण होईपर्यंत मागे ढकला. मोजदाद चुकून चालत नाही आणि थोडा उशीर चालतो, तिथे हे.

रिप्लेस: आधीच्या आगमनाच्या जागी नवं आगमन बसवा. चालकाने तापमानाचं लक्ष्य घाईघाईने दोनदा बदललं, तर शेवटचंच खरं.

एक्सेप्ट (accept नव्हे, except): इव्हेंट उडवणाऱ्याच्या तोंडावर एक्सेप्शन फेका. आपल्याच कोडमधून इव्हेंट उडतो तिथे, विशेषतः चाचणीच्या काळात, हे फार उपयोगी पडतं, कारण कोणता भाग ठरल्यापेक्षा जास्त वेळा फायर करतोय ते तिथल्या तिथे कळतं.

तुम्ही काहीच लिहिलं नाही तरी एक धोरण लागू होतंच. म्हणून प्रत्येक हँडलरसाठी ते स्वतः लिहा, पुढच्या वाचणाऱ्यालाही तुमचा विचार कळेल.

आणखी एक बारकावा आहे. इग्नोर केल्याने हँडलर चालत नाही, पण इंटरप्ट तर येतोच आणि त्याला प्रोसेसरचा वेळ लागतोच. तुटक्या तारेवरून सेकंदाला हजारो इंटरप्ट यायला लागले, तर भाषेतलं धोरण तुम्हाला वाचवणार नाही. त्यासाठी सेन्सरच्या तारेवर लहान फिल्टर लावा, किंवा पहिला इंटरप्ट आला की ५० मिलिसेकंद तो बंद ठेवून टायमरने पुन्हा उघडा. एडा २००५ मध्ये आलेले टायमिंग इव्हेंट या कामाला छान बसतात: ठरल्या क्षणी एक छोटी प्रोसीजर चालते, त्यासाठी वेगळा टास्क लागत नाही.

पायरी ६ : मेमरी

जावावाल्यांसाठी ही पायरी आहे. बटणाचा हँडलर तयार आहे, प्रायॉरिटी वर आहे, आणि नेमका त्याच वेळी गार्बेज कलेक्टर हीप आवरतोय. यातून सुटायला हँडलर बनवतानाच तो हीप वापरणार नाही असं सांगता येतं. मग त्याला इमॉर्टल (कधीच रिकामी न होणाऱ्या) किंवा स्कोप्ड (ठरावीक काम संपलं की रिकामी होणाऱ्या) मेमरीतच राहावं लागतं आणि चुकून हीपमधल्या ऑब्जेक्टला हात लावला तर एरर मिळतो. सुरुवातीला हा नियम जाचक वाटतो. मी तो बटण आणि बाटलीसारख्या कडक डेडलाइनच्या दोन-तीन हँडलरांनाच लावतो, त्यांना लागणारे ऑब्जेक्ट सुरुवातीलाच इमॉर्टलमध्ये तयार करून ठेवतो, आणि हँडलरच्या आत नवं काहीही बनवत नाही. इमॉर्टलमधलं काहीच परत मिळत नाही, त्यामुळे तिथे प्रत्येक फेरीला एक ऑब्जेक्ट बनवलात तर काही तासांत किंवा काही दिवसांत मेमरी संपणार हे नक्की.

मधेच एक खुलासा. असिंक्रोनस इव्हेंट आणि चालू काम मधेच तोडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी आरटीएसजेमध्ये असिंक्रोनसली इंटरप्टेड एक्सेप्शन आहे आणि एडामध्ये सिलेक्टसोबत येणारं देन अबॉर्ट. चालू गणना वेळ संपल्यावर सोडून द्यायची असेल तिथे ते कामाचं आहे, पण अर्धवट अवस्थेत सुटलेला डेटा सांभाळणं कठीण असतं, आणि रेव्हनस्कारमध्ये तर त्याला बंदीच आहे. पहिल्या सहा महिन्यांत त्याच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ७ : डेडलाइन चुकली तर कोणाला कळवायचं, आणि मोजायचं कसं

आरटीएसजेमध्ये हँडलरला डेडलाइनसोबत आणखी एक हँडलर देता येतो, डेडलाइन हुकली की तो चालतो. ठरल्यापेक्षा जास्त वेळ खाल्ला तर चालणाराही असतो, पण ही खर्चाची मोजणी करणं प्रत्येक व्हर्च्युअल मशीनवर बंधनकारक नाही, तुमच्या मशीनच्या माहितीपुस्तिकेत बघून घ्या. डेडलाइन हुकल्याच्या हँडलरची प्रायॉरिटी मूळ हँडलरपेक्षा वर ठेवा. खाली ठेवलीत तर ज्या गर्दीमुळे डेडलाइन हुकली, त्याच गर्दीत हाही अडकेल. आणि त्यात लॉग लिहू नका. एक आकडा वाढवा, गरज असेल तर लाइन सुरक्षित स्थितीत न्या, बाहेर पडा.

सराव कुठे करायचा? आरटीएसजेसाठी जमैकाव्हीएम हे व्हर्च्युअल मशीन आहे. खिशाला हलकं म्हणाल तर एडा: नॅट हा एडाचा कंपायलर फुकट आहे, एसटीएम३२एफ४ बोर्डावर रेव्हनस्कारचा रनटाइम चालतो, आणि अलायर नावाच्या पॅकेज मॅनेजरने सगळं बसवता येतं. लिनक्सवरच राहायचं असेल तर लिनक्सला रिअल-टाइम बनवणारं प्रीएम्प्ट-आरटी २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आलं आहे.

मोजायला छापील वेळा वापरू नका, छापण्यालाच वेळ लागतो. प्रत्येक हँडलरला बोर्डाची एक मोकळी पिन द्या: हँडलर सुरू झाला की पिन वर, संपला की खाली. ऑसिलोस्कोपचा एक प्रोब बटणाच्या तारेवर आणि दुसरा त्या पिनवर लावा. मग मुद्दाम वाईट वेळ साधा: लॉग सुरू झाल्याबरोबर कोडमधून बाटली आणि पातळी उडवा, त्याच क्षणी बोर्डाच्या एका मोकळ्या पिनने बटणाची तार हलवा, आणि हे हजारो वेळा चालू द्या. स्कोप जुने ठसे पडद्यावर टिकवून ठेवण्यावर लावा. बटणाच्या पिनचा सर्वांत उजवीकडे गेलेला ठसा किती मिलिसेकंदांवर आहे ते वाचा, आणि वहीतल्या आकड्याशेजारी लिहा.